एका धंद्याला एकच खुर्ची

"ती पिस्ता रंगाची साडी नेसलीय ना, ती चष्मेवाल्यांची मुलगी," माझ्या मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

"मला वाटलं सून असेल."

"छे हो, सून कुठली? बापाला कशी दटावत होती बघितलंत ना? दुसरा वडा घेऊ दिला नाही. सुनेची हिंमत होईल का?"

"आणि ती शेजारची? चष्मा लावलेली?"

"असेल कुणी नात्यातली. नाहीतर दुकानात कामाला असेल."

पिस्ता रंगाच्या साडीतली ती माझी वहिनी. नात्यातली नाहीतर कामाला असलेली, ती मी. मागे वळून तसं सांगता आलं असतं. हसून सांगितलं असतं तर त्या बाईंनाही मजा वाटली असती, "अगं बाई, हो का!" म्हणाल्या असत्या आणि पुढच्या सभेत ओळखलंही असतं मला. पण मी हातातल्या बशीतली चटणी चमच्याने एका कडेला सारत बसले. ऐकू आलंच नाही असा चेहरा करणं मला शाळेपासून चांगलं जमतं.

पनवेलमधल्या एका सेवाभावी क्लबची ती सभा होती. बाबा माझ्या जन्माच्या आधीपासून त्या क्लबात आहेत. रक्तदान, शाळांना बाकं, गावांमध्ये डोळे तपासणीची शिबिरं अशी कामं हा क्लब करतो आणि दर आठवड्याला तळ्याजवळच्या हॉलमध्ये जमतो. वर्षातून एकदा व्यवसायमूल्यांची सभा असते. आपल्या धंद्यात आपण कोणती एक गोष्ट सोडली नाही, हे प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात. एक अट मात्र कडक आहे. बोलताना स्वतःच्या दुकानाचं किंवा कंपनीचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की सगळे टेबलं बडवून "दंड! दंड!" ओरडतात आणि बोलणाऱ्याला डब्यात नोट टाकावी लागते. लहानपणी मला सगळ्या सभेत तेवढंच आवडायचं. मोठी माणसं टेबलं बडवतात हे मी फक्त तिथेच पाहिलं होतं.

त्या क्लबाचा आणखी एक नियम आहे, आणि त्या संध्याकाळी मी तिथे अशी गप्प बसले होते ती त्या नियमामुळे. एका धंद्याचा एकच सभासद. दातांचे डॉक्टर एकच, लोखंडाचे व्यापारी एकच, साड्यांच्या दुकानातून एकच जण. चष्म्याच्या धंद्याची खुर्ची बाबांची. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दर आठवड्याला जिने चढणं त्यांना झेपेना. क्लबाने त्यांना मानद सभासद करायचं ठरवलं. त्यांची खुर्ची रिकामी होणार होती आणि तिच्यावर कोण बसणार ते नाव बाबांनी सुचवायचं होतं. ज्याचं नाव सुचवायचं, त्याने त्या दिवशी बाबांच्या जागी बोलायचं.

बाबांनी मला विचारलं होतं. नाही विचारलं असं मी म्हणू शकत नाही. एका संध्याकाळी दुकान बंद करताना, शटरला कुलूप लावता लावता, माझ्याकडे पाठ असताना ते म्हणाले, "क्लबात तुझ्या वहिनीचं नाव देतोय. तुझं काही नाही ना? तुला तसलं, लोकांत बोलायचं वगैरे, आवडत नाहीच."

मी म्हणाले, "द्या ना."

"मला माहीतच होतं," ते म्हणाले आणि किल्ल्या खिशात टाकल्या.

घरी जाताना ते रिक्षात मागे बसून डुलक्या घेत होते. मी त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात वहिनीला त्या खुर्चीवर बसवून पाहत होते. ती तिथे इतकी शोभून दिसली की मला रडू आलं.

दुकानात डोळे मी तपासते. ऑप्टोमेट्रीची पदवी घेऊन मी बाबांच्याच दुकानात आले. मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावलेली एक काळोखी खोली आहे. तिथे मी, एक उंच खुर्ची, काचांची पेटी आणि भिंतीवरचा उजळलेला तक्ता. "ही काच बरी की ही? पहिली की दुसरी?" हे मी दिवसभर विचारते आणि त्यात मला काहीही अवघड वाटत नाही. काळोखात माणूस माझ्याकडे बघत नसतो, तक्त्याकडे बघत असतो. त्यामुळे मी त्याच्याकडे बघू शकते. कोण अंदाजाने अक्षरं वाचतंय, कोणाला दिसत नाही हे मान्य करायची लाज वाटतेय, मला लगेच कळतं.

पडद्याच्या बाहेरचं मात्र मला जमत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, जरा लांबची, फादरांची. तिथे मराठी बोललं की शिक्षा होती. घरी मराठीच बोलायचो, पण घरात कोणी अडुसष्ट किंवा एकोणऐंशी म्हणायची वेळ किती येते? गिऱ्हाईकाने मराठीत आकडा सांगितला की मी क्षणभर थांबते, त्याचं मनात इंग्रजी करते. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मग मी "सिक्स्टी एट" म्हणते आणि उलव्याहून आलेल्या आजी बाबांकडे वळून म्हणतात, "काय बोलते रे ही?"

वहिनी लग्न करून आली तेव्हा दादाची बोट कुठेतरी लांब होती. तो बोटीवर इंजिनिअर आहे. लग्नानंतर महिन्याभरातच त्याला परत जावं लागलं. घरात बसून काय करू म्हणून ती दुकानात यायला लागली. ती जासईची. मराठी शाळेत शिकलेली, बी.कॉम. पहिल्या आठवड्यात ती फक्त स्टुलावर बसून बघत होती. दुसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंना फ्रेम घालून आरसा समोर धरला आणि म्हणाली, "आजी, आता आजोबांना सांगा, जरा अंतर ठेवून बसा." त्या आजी इतक्या हसल्या की फ्रेम खाली पडली. बाबाही हसले. पडद्याआडून मी बाबांचं ते हसणं ऐकलं. तसं ते घरीसुद्धा हसत नसत.

त्यानंतर ते रोज ऐकू यायला लागलं.

मत्सर हा शब्द मी शाळेत कधी शिकले नाही. जेलस म्हणजे मैत्रिणीच्या नव्या फोनबद्दल वाटतं ते, एवढंच माहीत होतं. हे तसं नव्हतं. काळोख्या खोलीत मी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर काच धरलेली असायची आणि माझे कान बाहेर असायचे. ती काय बोलली, त्यावर बाबा काय म्हणाले, चहा आला तेव्हा कुणाचा कप आधी उचलला गेला. ती आजारी पडली आणि दोन दिवस आली नाही तेव्हा मला बरं वाटलं. पण ते दोन्ही दिवस बाबा सारखे दाराकडे बघत राहिले आणि आलेल्या प्रत्येकाने "आज सूनबाई नाहीत का?" असं विचारलं, तेव्हा मला तिच्या आजारपणाचाही राग आला.

तिने मला काही वाईट केलं असतं तर सोपं झालं असतं. पण ती माझ्यासाठी डबा वेगळा भरते, कारण मला कांदा चालत नाही. माझ्या वाढदिवसाला आई विसरली, ती विसरली नाही. मला चिडवायला ती "वन्सं" म्हणते, जुन्या काळातल्यासारखं, आणि मी ओठ आवळले की म्हणते, "हसा की हो वन्सं, टॅक्स लागत नाही." मला हसू येतं. तेही मला आवडत नाही.

सभा सुरू झाली. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. गळ्यात क्लबाची पट्टी, समोर टेबलावर पितळी घंटा. पहिले उठले कळंबोलीचे लोखंडवाले काका. वजनात खोट नाही, हे त्यांचं मूल्य. ते चांगलं बोलत होते. त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांनी काट्यावर पाय ठेवणाऱ्या हमालाला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं. पण शेवटी ओघात त्यांच्या तोंडून कंपनीचं पूर्ण नाव निघालं आणि हॉलमध्ये टेबलं दणदणली.

"दंड! दंड!"

"अहो, वडिलांचं नाव आहे ते!"

"मग वडिलांना दंड!" कुणीतरी ओरडलं. काकांनी हसत नोट टाकली. वहिनीने तर इतक्या जोरात टेबल बडवलं की बाबांच्या पेल्यातलं पाणी सांडलं. पहिल्यांदाच आली होती ती, आणि जणू वर्षानुवर्षं तिथेच वाढली होती. मीही लहानपणी येत होते. मी कधी टेबल बडवलं नव्हतं. बोटांनी थोडं वाजवायचे, कुणाला ऐकू येणार नाही असं.

मग अध्यक्षांनी बाबांचं नाव घेतलं. बाबा खुर्चीचा आधार घेत उठले. "माझं मूल्य तुम्ही इतकी वर्षं ऐकताय," ते म्हणाले. "आता माझ्या दुकानातर्फे आमच्या सूनबाई बोलतील."

मागून एक छोटासा आवाज आला, "अगंबाई, सून!" मला क्षणभर समाधान वाटलं. मग वहिनी उभी राहिली.

तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला दुकानाचं नाव घ्यायचं नाहीये, म्हणून मी आधीच सांगते, पनवेलमध्ये ज्यांना आमचं दुकान माहीत नाही त्यांना चष्म्याची गरज आहे." लोक हसले. कुणीतरी "दंड?" म्हणालं, अध्यक्षांनी मान हलवली, "नाव घेतलं नाही, सुटल्या." आणि सगळी सभा तिची झाली.

तिने ट्रेलरवाल्या काकांची गोष्ट सांगायला घेतली. पहिल्या वाक्यालाच मी चमचा बशीत ठेवला. ती गोष्ट माझ्या खोलीतली होती.

ते काका जासईच्या बाजूला कंटेनरचा ट्रेलर चालवतात. त्यांचा चष्मा मीच करून दिला होता. थोड्याच दिवसांत परत आले, म्हणाले, काही दिसत नाही. मी पुन्हा तपासलं तर नंबर वेगळाच निघाला. माझीच चूक झाली असं समजून मी पुढच्या आठवड्यात त्यांना परत बोलावलं. नंबर पुन्हा बदललेला. इतक्या लवकर असा नंबर हलतो तेव्हा बहुतेक वेळा रक्तातली साखर वाढलेली असते, हे आम्हाला शिकवलेलं. काकांना दोन नव्या महागड्या काचा लगेच हव्या होत्या, पैसे घेऊन आले होते. मी नाही म्हणाले. मी काय म्हणाले तेही मला आठवतंय, कारण नंतर मी ते पुष्कळदा मनात दुरुस्त केलं: "तुमचा नंबर फ्लक्चुएट होतोय. यू शुड चेक युवर शुगर फर्स्ट. त्याशिवाय मी ग्लासेस नाही देणार."

ते चिडून बाहेर गेले. बाहेर वहिनी होती.

"मी चष्म्याला आयलो," वहिनी आता त्यांच्या आवाजात हॉलभर बोलत होती, "आन ही पोरगी साखर ईचारते! चष्मा देयाचा हाय का नाय?"

लोक हसायला लागले. तिला नक्कल करावी लागतच नव्हती, तिच्या माहेरची बोली ती.

"मी म्हटलं, काका, ती पोरगी नाय, ती डोल्यांची डाक्टर हाय. तुमी ट्रेलर चालवता ना? चाकातली हवा सारखी उतरत आसल तर तुमी रोज नवीन टायर घ्याल का आदी पंक्चर बगाल? काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पोरी, तू कुनाची? मी म्हटलं, जासईची. म्हणाले, मंग आदी नाय का सांगायचं! आणि तिथून थेट लॅबमध्ये गेले."

टाळ्या पडल्या. ती थांबली नाही. साखर खूपच वाढलेली निघाली, डॉक्टरांनी औषध सुरू केलं, काका परत आले ते ताजी कोलंबी घेऊन, असं ती म्हणाली. कोलंबी खरंच आली होती. तिच्याच हातात दिली होती त्यांनी. "आमच्या वन्संनी आत तपासलं म्हणून ते कळलं," असंही ती म्हणाली, माझ्याकडे हात करून. हॉलमधल्या काही माना माझ्या दिशेने अर्ध्या वळल्या आणि लगेच परत तिच्याकडे वळल्या, कारण ती पुन्हा बोलायला लागली होती.

मी तिच्यावर चोरीचा आरोप करू शकत नव्हते. तिने माझं श्रेय दिलं होतं, एक पूर्ण वाक्य. आणि खरं सांगायचं तर काका लॅबमध्ये गेले ते तिच्यामुळेच, माझ्या फ्लक्चुएटमुळे ते दुसऱ्या दुकानात गेले असते. हे सगळं मला कळत होतं. तरी मला वाटत होतं की आत काळोखात मी ज्या क्षणी हातातली काच खाली ठेवली, ज्या क्षणी मला कळलं, तो क्षण कुणालाच दिसला नाही. दिसणार तरी कसा? तिथे मी आणि चिडलेले काका, एवढेच होतो.

"आमच्या धंद्यात एकच मूल्य," वहिनी शेवटाला आली. "गिऱ्हाईकाला जे हवंय ते नाही, जे त्याच्या डोळ्यांना हवंय ते द्यायचं. आणि ऐका, आज ते काका चष्म्याशिवाय गाडी चालवतात!"

हे खरं नव्हतं. काकांना चष्मा आहे. साखर ताब्यात आल्यावर मीच त्यांना कमी नंबराचा करून दिला. वहिनी खोटं बोलत नव्हती, वाहवत गेली होती. समोरचे चेहरे इतके उजळले होते की कुणीही वाहवत गेलं असतं.

त्या चेहऱ्यांमधल्या निम्म्या लोकांना साखर होती. मला नावानिशी माहीत होतं, सगळी आमचीच गिऱ्हाइकं. टाळ्या थांबतात न थांबतात तोच केटरिंगवाले काका उठले. त्यांच्या बशीत दोन गुलाबजाम होते.

"वहिनी, एक शंका. म्हणजे साखर उतरली की चष्मा जातो? माझा जाईल?"

"तुमचे गुलाबजाम आधी जाऊ द्या," लोखंडवाले काका म्हणाले.

"अहो, थट्टा नाही. सिरीयसली विचारतोय."

वहिनी थांबली. तिला कळलं की आपण काहीतरी जास्त बोललो. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान माझ्याकडे झुकवली, कान माझ्या तोंडाजवळ आणला.

हे असंच चालतं आमचं. बाबांनी धंदा सुरू केला तेव्हाचं शास्त्र वेगळं होतं. आता कुणी काही अवघड विचारलं की ते पडद्यातून डोकं आत घालतात, मी हळूच सांगते, ते बाहेर जाऊन सांगतात. मला कधी त्यात वाईट वाटलं नव्हतं. उलट आवडायचं. बाहेरून माझंच वाक्य बाबांच्या भरदार आवाजात ऐकू यायचं, नीट मराठीत, तेव्हा वाटायचं की आम्ही दोघं मिळून एक माणूस आहोत.

मी त्यांच्या कानात म्हणाले, "नाही जात. साखर वर-खाली होत असते तोपर्यंत नंबर हलतो. ती स्थिर झाली की खरा नंबर कळतो, आणि चष्मा तेव्हाच करायचा. त्या काकांना पण चष्मा आहे. आणि साखर असेल तर वर्षातून एकदा रेटिना तपासून घ्यायलाच हवा. चांगलं दिसत असलं तरी."

बाबा सरळ झाले आणि बोलले. रेटिनाचं त्यांनी "डोळ्याचा मागचा पडदा" केलं. बाकी माझंच, त्याच क्रमाने. शेवटी एक क्षण थांबून ते म्हणाले, "चांगलं दिसत असलं तरी. हे लक्षात ठेवा." केटरिंगवाल्या काकांनी बशी खाली ठेवली. मग टाळ्या वाजल्या, वहिनीला पडल्या होत्या त्यापेक्षा हळू, पण जास्त वेळ.

मागच्या बाई म्हणाल्या, "शेवटी अनुभव तो अनुभव."

वहिनीने बाबांच्या दंडाला हात लावला आणि हसून म्हणाली, "वाचवलंत, बाबा." उत्तर माझं असेल असं तिलासुद्धा वाटलं नाही. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती, बाबा माझ्याकडे झुकले ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही तिने बाबांचे आभार मानले. बाबांनी मान हलवून ते घेतले. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझे शब्द त्यांच्या तोंडात गेले की ते त्यांचे होतात, हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यांना ते पाणी पिण्याइतकं साधं वाटत असणार.

मला त्या दोघांचा हेवा वाटला. तिचा एकटीचा नाही, बाबांचाही. पहिल्यांदाच. त्यांना तो आवाज होता, ते सत्तरीतही उभे राहिले की लोक बशा खाली ठेवत होते. आणि ज्याच्यासाठी ठेवत होते ते माझं होतं.

अध्यक्ष उठले. "आज दोन भाषणं ऐकायला मिळाली, एका खुर्चीत दोन," ते म्हणाले. "आता आपल्या ज्येष्ठ सभासदांनी आपल्या जागी सूनबाईंचं नाव सुचवलं आहे. मला वाटतं त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. पण रीत म्हणून विचारतो, कुणाची हरकत?"

हे ते दर वेळी विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. त्यांचा हात घंटेकडे गेलाही होता. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर आणले. वहिनीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आता चल, आईसक्रीम खायला जाऊ, अशा अर्थाने. बाबा खिशात रुमाल शोधत होते.

मी उभी राहिले. खुर्ची फरशीवर इतकी करकरली की अध्यक्षांचा हात घंटेवरच थांबला. एवढे चेहरे, सगळे उजेडात, सगळे माझ्याकडे बघणारे. मी टेबलाची कड धरली.

"आहे," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "माझी हरकत आहे."

कुणीतरी हसलं, गंमत समजून. "म्हणजे... तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले आणि बाबांकडे पाहू लागले.

"अगं, काय हे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "बस खाली. काय असेल ते मला सांग." आणि त्यांनी कान पुढे केला.

वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं. तिच्याकडे बघितलं असतं तर मी बसले असते. बाबांच्या कानाकडे बघितलं असतं तर वाकले असते. मी समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीकडे बघितलं आणि तिथपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"ते उत्तर मी सांगितलं होतं, बाबा. दुकानात डोळे मी तपासते. ह्या खुर्चीवर मला यायचं होतं. अजूनही यायचंय."